लष्करी विमान प्रकल्पाच्या कार्यालयाचे रोजचे कामकाज कसे बसवावे?

रेवा_अ

नमस्कार. मी एका लढाऊ विमानाच्या उत्पादन प्रकल्पात अभियंता आहे. आजवर माझे काम विमानाच्या सांगाड्याची जोडणी आणि तपासणी यांपुरते होते; अलीकडेच प्रकल्पप्रमुखांनी कार्यालयाच्या दैनंदिन समन्वयाची जबाबदारी माझ्याकडे सोपवली आहे. कामाचे स्वरूप लक्षात घेता संस्थेचे किंवा पुरवठादारांचे नाव मी येथे लिहिणार नाही आणि उत्तर देणाऱ्यांनीही सार्वजनिक माहितीच्या मर्यादेतच लिहावे, अशी नम्र विनंती आहे.

आमची सकाळची बैठक साडेआठला सुरू होते आणि अनेकदा दहा वाजून गेले तरी संपत नाही. नियोजन, भांडार, गुणवत्ता, डिझाइन संपर्क कक्ष आणि उड्डाण हँगर हे सगळे विभाग आपापली एक्सेल शीट घेऊन येतात. एकाच सुट्या भागाची स्थिती भांडाराच्या शीटमध्ये ‘प्राप्त’, गुणवत्तेच्या शीटमध्ये ‘तपासणी प्रलंबित’ आणि नियोजनाच्या शीटमध्ये ‘तुटवडा’ अशी असते, आणि तिन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर असतात. बैठकीनंतरचा दिवस पत्रांची उत्तरे, वरिष्ठांनी मागितलेली सादरीकरणे आणि फोन यांत निघून जातो. संध्याकाळी मागे वळून पाहिले तर त्या दिवशी विमानाचे कोणते काम कार्यालयामुळे पुढे सरकले, हे मला सांगता येत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांनी अशा कार्यालयात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी सांगावे की सकाळच्या बैठकीत नेमके काय व्हावे, नोंदी किती आणि कोणत्या ठेवाव्यात, आणि वरिष्ठांना तारखा देताना कोणती पद्धत पाळावी.

ओझरकर

रेवाताई, नमस्कार. माझी नोकरी नाशिकजवळच्या ओझर परिसरात विमानांच्या जोडणीच्या कामात गेली, त्यामुळे आपण लिहिलेले चित्र ओळखीचे आहे. थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण कार्यालयाचे काम आज इतके का वाढले आहे हे त्यावरून कळेल.

१९६० च्या दशकात मिग विमानांसाठी जी उत्पादनव्यवस्था उभी राहिली तिच्यात सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला आणि एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे) हैदराबादला, अशी विभागणी होती. मिग-२१, मिग-२७ आणि पुढे सुखोई-३० एमकेआय ही सगळी परवान्याखालील विमाने होती. ड्रॉइंग दुसऱ्या देशाची असल्यामुळे शंका आली की ती परदेशी पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची, असा क्रम असे. वाट पाहणे त्रासाचे होते, परंतु बदलही त्यामुळे मोजकेच होत. तेजसचे तसे नाही. डिझाइन आपले, डिझाइनर बंगळुरूला, आणि विमान उत्पादनात असतानाच त्यात सुधारणा होत राहतात. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला तेजस मार्क-१ए ची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली आणि तेथे बांधलेले पहिले विमान त्याच दिवशी उडाले, तेव्हा आम्हा जुन्या लोकांना आनंद झालाच. पण देशी विमानाच्या प्रकल्प कार्यालयाला कोणत्या विमानावर कोणता बदल बसला आहे, याची नोंद रोजच्या रोज अचूक ठेवावी लागते, आणि परवान्याच्या काळात या कामाचा भार इतका नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की प्रकल्प कार्यालयाने विभागांचे काम करू नये आणि विभागांच्या कामाचा अहवाल देणे हेही आपले मुख्य काम समजू नये. दोन टेबलांच्या मध्ये जे काम पडून राहते, ज्याला त्या क्षणी कोणी धनी नसतो, ते शोधून त्याला धनी मिळवून देणे हे कार्यालयाचे काम आहे. आपण दिलेले तीन शीटचे उदाहरण याचेच आहे. भाग भांडारात आला, आवक-तपासणीसाठी थांबला, आणि जोडणीच्या ठिकाणी तो नाही. तिन्ही विभाग खरे बोलत आहेत, परंतु तो भाग आज दुपारपर्यंत तपासून जोडणीवर कोण पोहोचवणार, हे कोणत्याच शीटमध्ये लिहिलेले नाही.

एक प्रसंग तपशिलाने सांगतो, कारण रोजच्या कामात वेळ कुठे जातो ते त्यातून दिसेल. फ्रेमवर ब्रॅकेट बसवताना एक भोक ठरलेल्या टॉलरन्सपेक्षा (मापात चालणाऱ्या फरकापेक्षा) मोठे झाले. तपासनिसाने लाल टॅग लावला, काम थांबले आणि डिझाइनकडे क्वेरी नोट, म्हणजे लेखी तांत्रिक विचारणा, गेली. तांत्रिकदृष्ट्या प्रश्न साधा होता. ताण-विश्लेषण करणाऱ्या गटाने मोठ्या मापाचा फास्टनर (रिव्हेट किंवा बोल्ट) चालेल की नाही ते सांगायचे, त्यावर कन्सेशन (ठरलेल्या मापापासूनच्या फरकाला लेखी मान्यता) द्यायचे, भाग महत्त्वाच्या वर्गातला असेल तर लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता प्रमाणित करणाऱ्या सेमिलॅकच्या प्रादेशिक केंद्राची, म्हणजे आरसीएमएची, संमती घ्यायची आणि दुरुस्तीनंतर डीजीएक्यूएच्या, म्हणजे विमानांची गुणवत्ता तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, स्थानिक कार्यालयाने तपासणी करायची. यातले प्रत्यक्ष काम तासांत मोजता येईल एवढेच होते. पण क्वेरी नोटमध्ये भोकाचे कडेपासूनचे अंतर लिहिलेले नव्हते, म्हणून ती परत आली. अंतर लिहून पुन्हा पाठवली, तेव्हा ड्रॉइंगचा इश्यू (आवृत्ती) क्रमांक जुना निघाला. तो दुरुस्त केला, तर सोबतच्या छायाचित्रात मोजपट्टी नसल्यामुळे शेजारच्या भोकापासूनचे अंतर कळत नव्हते. प्रत्येक फेरीत कागद दोन-तीन टेबलांवर थांबत गेला आणि त्या सगळ्या काळात जिगवरचे (जोडणीच्या साच्यावरचे) विमान हलू शकले नाही. हा अनुभव वारंवार आल्यावर आम्ही एक नियम केला, तो असा की मोजमापे, ड्रॉइंगचा चालू इश्यू, मोजपट्टीसह छायाचित्र आणि विमानाचा अनुक्रमांक यांपैकी एकही गोष्ट नसेल तर क्वेरी नोट कार्यालयाबाहेर जाणार नाही. ती तपासायला एक अनुभवी फोरमन नेमला. मला विचाराल तर कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरपेक्षा या एका माणसाने अधिक वेळ वाचवला.

नोंदवही एकच ठेवावी. तिच्यात फक्त उघडे विषय असावेत. प्रत्येक विषयासमोर विमानाचा क्रमांक, तो विषय कोणत्या कामाला अडवतो आहे, तो आज कोणाच्या टेबलावर आहे, पुढची कृती काय, ती कधी होणार, आणि विषय उघडून किती दिवस झाले, एवढेच असावे. ‘कोणाच्या टेबलावर’ या रकान्यात विभागाचे नाव लिहू देऊ नये. व्यक्तीचे नाव लिहावे. ‘डिझाइनकडे प्रलंबित’ असे लिहिले की तो विषय कोणाचाच राहत नाही. विभागांनी आपापल्या शीट खुशाल ठेवाव्यात, मात्र बैठकीत पडद्यावर ही एकच वही दिसावी आणि मतभेद झाल्यास तीच प्रमाण मानावी.

बैठकीबद्दल माझा आग्रह असा की ती हँगरजवळ, फळ्यासमोर, उभ्याने घ्यावी. सुरुवात उड्डाणापासून करावी, म्हणजे आज कोणते विमान उडणार, कोणाचा ग्राउंड रन (जमिनीवर इंजिन चालवून चाचणी) आहे आणि कालच्या उड्डाणातील कोणते स्नॅग (नोंदलेले दोष) उघडे आहेत. त्यानंतर अंतिम जोडणीतील विमाने, आणि सर्वांत शेवटी मागची स्थानके. सर्वसाधारण पद्धतीत हा क्रम उलटा असतो आणि उड्डाणाच्या विषयापर्यंत पोहोचेतो सगळे थकलेले असतात. जो प्रश्न दोन माणसांत सुटतो तो बैठकीत सोडवू नये. त्या दोघांची नावे आणि वेळ लिहून पुढे जावे.

निवृत्त_अभियांत्रिकी_अधिकारी

मी हवाई दलाच्या अभियांत्रिकी शाखेतून निवृत्त झालो आहे. काही काळ उत्पादनाच्या ठिकाणी वापरकर्त्याचा प्रतिनिधी होतो, त्यामुळे हाच विषय टेबलाच्या दुसऱ्या बाजूने मांडतो.

ओझरकरांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. तारखांच्या बाबतीत मात्र अधिक ठामपणे लिहितो, कारण आमचा विश्वास तिथेच बसतो किंवा उडतो. प्रत्येक विमानासमोर दोन तारखा ठेवाव्यात, एक कराराची आणि एक आजच्या माहितीनुसार अपेक्षित असलेली. कराराची तारीख कोणीही हलवू नये. अपेक्षित तारीख दर आठवड्याला प्रामाणिकपणे बदलावी आणि ती का बदलली याचे एक वाक्य शेजारी लिहावे. या दोन्हींची सरमिसळ झाली की वरिष्ठांना सांगितलेली तारीख ही एक इच्छा होऊन बसते आणि स्क्वाड्रनमध्ये वैमानिकांचे रूपांतर-प्रशिक्षण, ग्राउंड उपकरणे, तंत्रज्ञांच्या बदल्या हे सगळे तिच्यावर आखले जाते. २५ सप्टेंबर २०२५ रोजी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले. ज्या दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत आणि हातात त्याहून बऱ्याच कमी आहेत, त्या दलासाठी एका विमानाची खरी तारीख किती मोलाची आहे, हे प्रकल्प कार्यालयातल्या सर्वांत कनिष्ठ कारकुनालाही माहीत असावे असे मला वाटते.

दुसरा मुद्दा भाग काढून घेण्याचा. मार्क-१ए च्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला आणि त्यांच्यासाठी एफ-४०४ प्रकारच्या ९९ इंजिनांची मागणी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोंदवली गेली. त्यातले पहिले इंजिन मात्र मार्च २०२५ मध्ये सुपूर्द झाले. दरम्यानच्या काळात चाचण्या थांबू नयेत म्हणून हाती असलेली राखीव इंजिने वापरून विमाने उडवावी लागली. हे सर्व जाहीर आहे आणि निर्णय म्हणून योग्यही होते. परंतु जेव्हा एखादे इंजिन किंवा एलआरयू (हँगरमध्येच काढून बदलता येणारे उपकरण) एका विमानावरून काढून दुसऱ्यावर बसवले जाते, तेव्हा कार्यालयावर मोठी जबाबदारी येते. त्या वस्तूचा अनुक्रमांक, तिचे झालेले तास, उरलेले आयुष्य आणि तिच्यावर बसलेले मॉडिफिकेशन यांची नोंद दोन्ही विमानांच्या कागदपत्रांत त्याच दिवशी झाली पाहिजे. स्क्वाड्रनमध्ये विमान येते तेव्हा फॉर्म ७००, म्हणजे त्या विमानाची देखभाल-नोंदवही, उघडला जातो. त्यातली माहिती आणि विमानावरची प्रत्यक्ष वस्तू यांत एका अंकाचा जरी फरक निघाला, तरी ते विमान त्या दिवशी उडत नाही, आणि उडूही नये. म्हणून उघड्या विषयांच्या वहीबरोबर काढलेल्या भागांची एक स्वतंत्र वही असावी असे मी सुचवेन. एकच वही ठेवण्याच्या ओझरकरांच्या आग्रहाला हा माझा एक अपवाद आहे.

वापरकर्त्याच्या प्रतिनिधीला वाईट बातमी पत्रातून कळू नये. आधी फोन करावा, शक्यतो त्याला विमानापाशी नेऊन अडचण दाखवावी आणि मग पत्र लिहावे. ज्या कार्यालयाने माझ्याशी असे वागणे ठेवले त्याच्या बाजूने मी मुख्यालयात स्वतःहून बोललो आहे.

हिशेबनीस

तांत्रिक मंडळींच्या लक्षात न येणारी एक बाजू लिहितो. मी अशाच एका प्रकल्पाचे करार आणि देयके पाहतो.

कार्यालयाच्या रोजच्या पाहणीत मुदत संपत आलेल्या गोष्टी असाव्यात. बँक हमीपत्राची मुदत, पुरवठा आदेशाची मुदत, विमा, आयातीचे परवाने, तसेच सीलंट आणि रबरी नळ्यांसारख्या मालाची साठवण-मुदत यांचे एक पत्रक दर सोमवारी समोर आले पाहिजे. पुरवठ्याची मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी तसे लेखी ठरले पाहिजे; मुदत उलटून गेल्यावर माल स्वीकारला तर विलंबाच्या दंडापासून ते पुढच्या लवादापर्यंत प्रत्येक गोष्ट गुंतागुंतीची होते. हमीपत्र संपल्याचे दुसऱ्या दिवशी लक्षात आले, तर हातात काहीच उरत नाही.

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत विमानाचे छोटे भाग, जिग आणि फिक्स्चर करणारे अनेक लघुउद्योजक आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. प्रत्यक्षात देयक लेखा विभागात अडत नाही; माल स्वीकारल्याच्या नोंदीवर एक सही राहिलेली असते म्हणून ते अडते. दहा कामगारांच्या कारखान्याचे पैसे थांबले की त्याचा पुढचा हप्ता उशिरा येतो आणि ओझरकरांच्या फळ्यावर ‘तुटवडा’ म्हणून तोच भाग पुन्हा दिसतो. त्यामुळे स्वीकृती-नोंदीवरील राहिलेल्या सह्या हा विषय सकाळच्या बैठकीत यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

मार्च महिन्याबद्दलही लिहिले पाहिजे. सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत खर्चाची घाई करणे हा आर्थिक शिस्तीचा भंग मानला आहे. तरीही सिग्नलिंग आउट सर्टिफिकेट (विमान सुपूर्द करण्यास तयार असल्याचा दाखला) ३१ मार्चपूर्वी मिळावे यासाठी सगळीकडे धावपळ होते, कारण वर्षाची विक्री त्यावर नोंदली जाते. या धावपळीत तपासनिसांवर दबाव येतो, आणि मला ते अत्यंत अयोग्य वाटते. वर्षाअखेरीस कोणती विमाने पूर्ण होतील याचा अंदाज डिसेंबरमध्येच, सुधारित अंदाजपत्रकाच्या वेळी, बांधावा आणि जे होणार नाही ते त्याच वेळी वरिष्ठांना सांगावे.

रेवा_अ

आपण सर्वांनी इतक्या सविस्तर आणि आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. क्वेरी नोट बाहेर जाण्याआधी तपासण्याची पद्धत मी पुढच्या आठवड्यापासूनच सुरू करणार आहे. आमच्याकडे त्यासाठी योग्य असे एक ज्येष्ठ फोरमन आहेत.

आणखी दोन शंका आहेत. आरसीएमए आणि डीजीएक्यूएच्या अधिकाऱ्यांनाही सकाळच्या बैठकीला बोलवावे, असे आमच्यातील काहींचे म्हणणे आहे, म्हणजे पाठपुराव्याची पत्रे कमी होतील. ते योग्य ठरेल का? दुसरे असे की आमच्याकडे दोन पाळ्यांत काम चालते आणि रात्रीच्या पाळीत झालेल्या गोष्टी सकाळी मला तुकड्यातुकड्यांनी कळतात. संवेदनशील भागांत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे संदेशांचा गट करून भागवणेही शक्य नाही.

निवृत्त_अभियांत्रिकी_अधिकारी

संदेशांचा गट करता येत नाही हे चांगलेच आहे, रेवाताई. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ बाजूला ठेवला तरी, अर्धवट वाक्यांत आणि छायाचित्रांत विखुरलेली माहिती विमानाची नोंद म्हणून कधीच उपयोगी पडत नाही.

तपासणी अधिकाऱ्यांना रोजच्या बैठकीला बोलवावे असे माझे मत आहे, निदान उड्डाणाच्या विषयांपुरते. अडचण त्यांना पहिल्या दिवशी कळली तर पुढे त्यांच्या शंका कमी होतात.

ओझरकर

येथे मी साहेबांशी आदरपूर्वक असहमत आहे. सेमिलॅक ही डीआरडीओच्या अखत्यारीतील संस्था आहे, डीजीएक्यूए संरक्षण उत्पादन विभागाच्या अखत्यारीत येते, आणि त्या दोन्हींचे स्वातंत्र्य हीच वैमानिकाची खात्री आहे. रोजच्या उत्पादन बैठकीत बसणारा अधिकारी नकळत उत्पादनाच्या घाईत सामील होतो, आणि मग ‘कालच्या बैठकीत आपण हो म्हणाला होतात’ असे त्याला ऐकवले जाते. त्यापेक्षा आठवड्यातून एक ठरलेला तास त्यांच्या कार्यालयात जाऊन घ्यावा. जाताना त्यांच्याकडे असलेल्या विषयांची यादी जुन्याकडून नव्याकडे अशा क्रमाने न्यावी आणि प्रत्येक विषयासोबत त्यांनी मागितलेला कागद हातात असावा. तातडीचा विषय असेल तर त्याच दिवशी जावे, पण तातडीचे म्हणून रोज जाऊ नये, नाहीतर पुढे खरोखरीच्या तातडीला किंमत राहत नाही. इम्टार-२१ या लष्करी उड्डाणयोग्यतेच्या नियमावलीत कोणाची जबाबदारी कोणती हे नीट मांडलेले आहे. ती प्रकरणे कार्यालयातील सर्वांनी एकदा एकत्र बसून वाचावीत.

पाळीबदलाचे म्हणाल, तर दोन्ही पाळ्यांच्या प्रमुखांनी विमानापाशी उभे राहून काम हस्तांतरित करावे, यासाठी पाळीची वेळ थोडी एकमेकींवर येऊ द्यावी. बांधीव वहीत शाईने तीन गोष्टी लिहाव्यात. कोणते काम अर्धवट सोडले आहे, कोणते झाकण किंवा जोडणी उघडी आहे, आणि कोणते हत्यार अजून टूल क्रिबमध्ये (हत्यारांच्या कोठीत) परत गेलेले नाही. शॅडो बोर्डवर (प्रत्येक हत्याराच्या आकाराची जागा आखलेल्या फळ्यावर) जागा रिकामी दिसत असेल, तर ते हत्यार सापडेपर्यंत ते विमान पुढच्या पाळीने हातात घेऊ नये. इंजिनाच्या हवामार्गात राहिलेला एक छोटा पान्हा काय करू शकतो हे आपणास सांगायला नको. दोन्ही प्रमुखांनी वहीवर सही करावी. आपण सकाळी आलात की बैठकीपूर्वी पहिल्यांदा तीच वही वाचावी, आणि तिच्यातल्या ज्या विषयाला कोणी धनी नाही तो त्या दिवशीच्या फळ्यावर सर्वांत वर लिहावा.